मोटरवर चालणाऱ्या खिडकीच्या पडद्यांचे नियोजन: भिंतीतल्या वायरपासून मोबाइलवरच्या नियमांपर्यंत

मोटरवर चालणारे पडदे घ्यायचे ठरले की बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कोणते ॲप चांगले, आवाजी आदेश कोण ऐकेल, हे प्रश्न आधी येतात. मोटरला वीज कुठून द्यायची हा प्रश्न सुचतो तेव्हा भिंतीला रंगाचा दुसरा हात देऊन झालेला असतो. ॲप पाच मिनिटांत बदलता येते आणि हब, म्हणजे मोटरींना आज्ञा देणारी मध्यवर्ती पेटी, एका दुपारी बदलता येतो. मोटर बदलायची तर पडदा उतरवावा लागतो, आणि वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून जे नंतर बदलणे सर्वांत अवघड ते सर्वांत आधी ठरवायचे, या एकाच तत्त्वावर खालच्या पायऱ्यांचा क्रम बेतला आहे. ‘पडदा’ हा शब्द येथे नळीवर गुंडाळला जाणारा रोलर, झेब्रा, रोमन, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घड्यांचा हनिकोंब आणि आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन या सर्व प्रकारांसाठी वापरला आहे. उदाहरणे मात्र बहुतेक रोलरची आहेत, कारण नवख्या माणसाची पहिली खरेदी सहसा तीच असते.

पहिली पायरी: खिडक्यांची यादी आणि उन्हाची नोंद

एका वहीत घरातल्या प्रत्येक खिडकीला एक पान द्यावे. त्यावर खिडकीची दिशा, तिथला पडदा दिवसातून किती वेळा हलतो, कोण हलवते आणि कशासाठी, हे लिहावे. झोपेसाठी अंधार, संगणकाच्या पडद्यावरची चकाकी, दुपारची उष्णता आणि बाहेरच्यांच्या नजरेपासून आडोसा या चार वेगवेगळ्या गरजा आहेत, आणि एका कापडाने चारही क्वचितच भागतात. महिन्यातून एकदा सरकणाऱ्या पडद्याला मोटर लावून काहीही साधत नाही. हात पोहोचत नाही अशी उंच खिडकी, पडदा ओढताना दमछाक होते अशी रुंद खिडकी, आणि एकाच वेळी हलवाव्या लागणाऱ्या तीन-चार खिडक्यांची रांग, या तीन ठिकाणी मोटरचा खरा उपयोग होतो. यादीतल्या निम्म्या खिडक्या याच पायरीवर गळाल्या तर नियोजन चांगले चालले आहे असे समजावे.

उन्हाची नोंद किमान एक आठवडा करावी: ऊन किती वाजता खिडकीत शिरते, कुठवर पोहोचते आणि केव्हा निघून जाते. ही नोंद त्या ऋतूपुरतीच खरी असते, हे मात्र विसरू नये. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना ऊन खालच्या कोनातून मिळते आणि वरचा सज्जा ते अडवू शकत नाही. विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या खिडकीला उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे कमी आणि हिवाळ्यात तो खाली उतरल्यामुळे खोलवर ऊन मिळते. त्यामुळे उन्हाळ्यात पाहून केलेला नियम हिवाळ्यात चुकतो, आणि त्याचा दोष विनाकारण मोटरवर येतो.

दुसरी पायरी: प्रकार आणि कापड

रोलर पडद्याच्या उन्हाळी कापडाला ‘स्क्रीन’ म्हणतात आणि त्याच्या विणीतल्या छिद्रांचे प्रमाण टक्क्यांत देतात. १, ३, ५ आणि १० टक्के हे नेहमी आढळणारे आकडे आहेत. आकडा जितका लहान तितकी चकाकी कमी, आणि बाहेरचे दृश्यही कमी. गडद रंगाच्या स्क्रीनमधून बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते, तर फिकट रंगाचा स्क्रीन उष्णता अधिक परतवतो. दोन्ही फायदे एकत्र हवे असतील तर बाहेरच्या बाजूने फिकट आणि आतून गडद असे दुरंगी कापड मिळते. दिवसा आडोसा देणारा स्क्रीन रात्री घरात दिवा लागताच बाहेरून आरपार दिसू लागतो, ही गोष्ट दुकानात भरदिवसा कापड पाहताना कोणाच्याही लक्षात येत नाही. शयनगृहात म्हणूनच बहुधा एकामागे एक दोन पडदे लागतात, एक स्क्रीन आणि एक पूर्ण अंधार करणारा. म्हणजे दोन मोटरी, दोन वायरी आणि कोनाड्यात दुप्पट खोली.

उष्णतेबद्दलची अपेक्षाही येथेच जमिनीवर आणावी. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काच ओलांडून आलेले असते. पडद्याने शोषलेली उष्णता खोलीतच राहते आणि परतवलेला भाग तेवढा काचेतून बाहेर जातो. काचेच्या बाहेर लावलेला पडदा उष्णतेला घरात येऊच देत नाही, म्हणून तो कितीतरी अधिक परिणामकारक ठरतो. पण त्याला वारा, पाऊस आणि धूळ सोसावी लागते, त्याची मोटर दणकट असावी लागते आणि वाऱ्याचा वेग मोजणारा सेन्सर ही त्याच्यासाठी चैन राहत नाही. व्हेनेशियन पडद्यात पट्ट्यांचा कोन बदलणे आणि पडदा वर उचलणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. काही मोटरी फक्त कोन बदलतात. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: मोजमाप आणि मोटरची ताकद

पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा धरावा. भिंती काटकोनात असतात हा समज पहिल्याच मोजणीत गळून पडतो. कोनाड्याची खोली, खिडकीच्या कडीचा पुढे आलेला भाग आणि आत उघडणाऱ्या तावदानाचा घेर हेही मोजावे. रोलरचे कापड नळीच्या दोन्ही टोकांच्या आधारांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे दोन्ही कडांना प्रकाशाची एक-दोन सेंटिमीटरची फट राहतेच. पूर्ण अंधार हवा असेल तर कडेला खाचेच्या पट्ट्या लावाव्यात, किंवा पडदा चौकटीबाहेर लावून तो दोन्ही बाजूंनी भिंतीवर पुरेसा येईल असा घ्यावा.

मोटर नळीच्या आत बसते आणि तिची ताकद न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. हा हिशेब घरी करता येतो आणि एकदा तरी करून पाहावा. समजा पडदा २ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच आहे आणि कापडाचे वजन चौरस मीटरला ४०० ग्रॅम आहे. कापड २ किलो झाले. खालची पट्टी अर्धा किलो धरली तर एकूण अडीच किलो, म्हणजे सुमारे २४.५ न्यूटन. नळीचा व्यास ४० मिलिमीटर असेल तर त्रिज्या ०.०२ मीटर, आणि गुणाकार येतो जवळपास ०.५ न्यूटन-मीटर. घर्षण आणि जुनेपणा धरून याच्या दुप्पट, म्हणजे १ न्यूटन-मीटरच्या आसपासची मोटर घ्यावी. पडदा पूर्ण खाली असतानाच हा भार सर्वाधिक असतो. कापड गुंडाळत जाते तशी गुंडाळीची त्रिज्या वाढते, पण लटकणारे वजन त्याहून वेगाने घटते. रुंद खिडकीला बारीक नळी घेतली तर ती मध्ये वाकते आणि कापडाला तिरक्या सुरकुत्या पडतात. नळी जाड घेतली तर त्रिज्येसोबत मोटरची गरजही वाढते. विक्रेत्याने यातला नळीचा व्यास न विचारता मोटर सुचवली, तर तो हातात आहे तोच माल देत आहे असे खुशाल समजावे.

चौथी पायरी: वीज

सगळ्या नियोजनात सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. मार्ग प्रामुख्याने तीन आहेत: घरातली मुख्य वीज, कमी दाबाची वीज आणि बॅटरी.

मुख्य विजेवर चालणाऱ्या साध्या मोटरीला चार वायरी असतात: न्यूट्रल, अर्थ, एक ‘वर’साठी आणि एक ‘खाली’साठी. ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन्हींत एकाच वेळी वीज जाता कामा नये, म्हणून दोन साधी बटणे न लावता एक दाबले असता दुसरे बंद राहील असा खास पडद्यांसाठीचा स्विच लावावा लागतो. दोन मोटरी एका स्विचला थेट जोडण्याचा मोह अनेक इलेक्ट्रिशियनांनाही होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण एक मोटर आपल्या मर्यादेला, म्हणजे थांबण्याच्या ठरवलेल्या जागेला, पोहोचून थांबली तरी दुसरीच्या गुंडाळीतून तिच्याकडे उलट वीज येते, आणि दोघी एकमेकींना हलवत राहतात; अशा ठिकाणी प्रत्येक मोटरीला स्वतंत्र रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, द्यावा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. या मोटरी सलग साधारण चार मिनिटे चालण्यासाठी बनवलेल्या असतात. त्याहून अधिक चालवल्यास आतला उष्णतारक्षक त्यांना बंद करतो आणि थंड होईपर्यंत त्या हलत नाहीत. पहिल्या दिवशी पडदा पुन्हा पुन्हा वरखाली करून पाहताना मोटर ‘गेली’ असे ज्यांना वाटते, त्यांनी पंधरा-वीस मिनिटे चहा घ्यावा.

कमी दाबाच्या, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टच्या मोटरी शांत आणि बारीक असतात आणि त्यांचा पुरवठा एका मध्यवर्ती पेटीतून सर्व खिडक्यांना देता येतो. येथे वायरची जाडी आणि लांबी विसरून चालत नाही. पेटीपासून खिडकी २० मीटरवर आहे, वायर १ चौरस मिलिमीटरची आहे आणि मोटर १२ व्होल्टवर २ अँपिअर घेते असे धरू. जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.७ ओहम, म्हणून वाटेतच १.४ व्होल्ट गळतात. हे १२ पैकी जवळपास १२ टक्के झाले आणि मोटर रडतखडत चालेल. तेवढ्याच ताकदीच्या २४ व्होल्टच्या मोटरीला १ अँपिअर पुरतो, गळती ०.७ व्होल्टवर येते आणि ती २४ पैकी केवळ ३ टक्के असते. दाब दुप्पट केल्याने टक्केवारीतली गळती चौथाईवर आली, आणि लांब अंतरासाठी २४ व्होल्ट का घ्यावेत याचे उत्तर एवढेच आहे. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या मोटरीही आहेत. त्या तंत्राच्या मूळ मानकात उपकरणापर्यंत १२.९५ वॉट पोहोचतात, जे मध्यम पडद्याला पुरतात. घरात नेटवर्कच्या केबली नव्याने टाकल्या जात असतील तर हा पर्याय आवर्जून विचारात घ्यावा.

बॅटरीची मोटर भिंत न फोडता बसते. भाड्याच्या घरात किंवा नुकतेच रंगवलेल्या खोलीत तिला तोड नाही. पण बारा पडदे आणि वर्षातून दोनदा चार्जिंग म्हणजे वर्षाला चोवीस वेळा शिडी काढणे, हा हिशेब खरेदीच्या दिवशी कोणी करत नाही. शिवाय लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि नेमक्या उन्हाच्या काचेशेजारीच ती बसवली जाते. काचेला चिकटवायचे छोटे सौर पॅनल चार्जिंगचा त्रास कमी करते, परंतु रंगीत किंवा उष्णतारोधक लेप असलेल्या काचेमागे त्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही. उंच खिडकीला बॅटरी घ्यायचीच असेल, तर बॅटरी वेगळी काढून खाली आणता येते का, हे आधी पाहावे.

घराचे बांधकाम किंवा नूतनीकरण चालू असेल, तर आज बॅटरीचे पडदे घेणार असलात तरी प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात रिकामा कंड्युट, म्हणजे भिंतीतली वायरची नळी, काढून ठेवावा, त्यात ओढदोरी सोडावी आणि स्विचच्या पेटीपर्यंत न्यूट्रल आणावा. मोटर डाव्या टोकाला येणार की उजव्या, हे कापडवाल्याला विचारूनच कंड्युटचे तोंड ठरवावे. मी हे गृहीत धरले होते. माझ्या अभ्यासिकेत वायर उजवीकडे आली, मोटर डावीकडे बसली, आणि पडद्यामागून गेलेली पांढरी पट्टी आजही तिथे दिसते. ज्यांना ती दिसत नाही त्यांना मी दाखवत नाही.

पाचवी पायरी: संदेश कोणत्या भाषेत जाणार

मोटर आणि हब यांच्यात रेडिओ संदेश जातो तेव्हा मुख्य प्रश्न असा असतो की मोटर उलट उत्तर देते का. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या अनेक जुन्या प्रणाली एकतर्फी आहेत. सोम्फी या कंपनीची आरटीएस हे त्यांचे परिचित उदाहरण. रिमोटने आज्ञा दिली की पडदा हलतो, पण तो खरेच हलला का आणि कुठे थांबला, हे हबला कधीच कळत नाही. तो केवळ अंदाज करतो. केवळ बटण दाबून पडदे हलवायचे असतील तर अशी प्रणाली वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. नियमांवर चालणारे घर हवे असेल तर दुतर्फी संदेशाची मोटर घ्यावी.

दुतर्फी पर्यायांत झिगबी, झेड-वेव्ह, वायफाय आणि थ्रेड ही नावे येतात. झिगबी आणि थ्रेड दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांत एक उपकरण दुसऱ्याचा संदेश पुढे पोहोचवते. मात्र हे काम सतत वीज मिळणारी उपकरणेच करतात, बॅटरीवरची मोटर स्वतःपुरतेच ऐकते. त्यामुळे दूरच्या खोलीत केवळ बॅटरीचे पडदे असतील तर वाटेत एखादा स्मार्ट प्लग लावावा लागतो. झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते, म्हणून परदेशातून आणलेली मोटर इथल्या हबशी बोलतही नाही. वायफाय सर्वांत सोपे वाटते, पण ते बॅटरी लवकर संपवते. मॅटर हे वायफाय आणि थ्रेड यांवर चालणारे सामाईक बोलीसारखे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि खिडकीचे पडदे त्यात सुरुवातीपासून आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मॅटरची खूण असलेली मोटर घेतली तर पुढे हब बदलणे सोपे जाते. भिंतीतून वायर टाकता येत असेल आणि घर मोठे असेल तर केएनएक्ससारख्या वायरीच्या प्रणाली आजही सर्वांत भरवशाच्या आहेत, मात्र त्या बसवायला प्रशिक्षित माणूस लागतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानात एक चाचणी करून मागावी: इंटरनेटची केबल काढा आणि पडदा हलवून दाखवा. तो हलला नाही, तर आज्ञा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून येते, आणि तो सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी तुमचा पडदाही थांबेल.

सहावी पायरी: हाताने चालवण्याची सोय

प्रत्येक खोलीत दाराजवळ, दिव्याच्या बटणाच्या उंचीवर, पडद्याचे खरे बटण हवे. घरातल्या आजींना, पाहुण्यांना आणि मोबाइल चार्जिंगला लावलेल्या माणसाला पडदा उघडता आलाच पाहिजे; ज्या घरात हे बटण नसते तिथे महिन्याभरात कोणीतरी खालची पट्टी हाताने ओढते आणि मोटरीची दातेरी चाके किंवा तिच्या मर्यादा बिघडवते. काही मोटरींत पट्टी किंचित ओढली की पडदा आपोआप चालू होण्याची सोय असते, ती असल्यास उत्तमच. लोंबती दोरी किंवा साखळी नसणे हा लहान मुलांच्या सुरक्षेचा मोठा लाभ आहे, तेव्हा ‘वीज गेली तर असावी’ म्हणून मोटरसोबत साखळीची फास घेऊ नये.

सातवी पायरी: बसवणे, मर्यादा आणि टक्केवारीचा घोळ

बसवताना मोटरीच्या टोकाशी लोंबणारी बारीक अँटेनाची वायर कापू नये, आणि धातूच्या पेटीत गुंडाळून कोंबूही नये. ‘पडदा कधी ऐकतो, कधी ऐकत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हीच वायर असते. त्यानंतर वरची आणि खालची मर्यादा ठरवावी. खालची मर्यादा खिडकीच्या कट्ट्यापेक्षा किंचित वर ठेवावी. पट्टी कट्ट्यावर टेकली की कापड सैल पडून नळीवर उलटे गुंडाळले जाण्याचा धोका असतो.

शेजारच्या दोन पडद्यांना ‘५० टक्के’ सांगितले आणि त्यांच्या पट्ट्या एका रेषेत आल्या नाहीत, तर दोष भूमितीचा आहे. पुष्कळ मोटरी टक्केवारी फेऱ्यांवरून मोजतात आणि प्रत्येक फेरीत सरकणारे कापड सारखे नसते. वरच्याच उदाहरणातल्या नळीवर अर्धा मिलिमीटर जाडीचे कापड असेल तर रिकाम्या नळीची एक फेरी १२.६ सेंटिमीटर कापड उचलते आणि भरत आलेल्या गुंडाळीची शेवटची फेरी जवळजवळ १७.५ सेंटिमीटर. निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा पडदा निम्मा वर गेलेला नसतो. पट्टी मधल्या रेषेच्या सुमारे ११ सेंटिमीटर खाली असते. सारख्या नळीचे आणि सारख्या उंचीचे पडदे शेजारी ठेवले तर ही चूक दोघांत सारखीच होते आणि डोळ्यांना खुपत नाही. उंची वेगळी असेल, तर प्रत्येक पडद्याला हव्या त्या रेषेची ‘आवडती जागा’ वेगळी शिकवून ठेवावी.

टक्क्यांचा अर्थही सर्वत्र एक नाही. होम असिस्टंट या घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०० म्हणजे पूर्ण उघडा, तर मॅटरच्या मूळ मोजणीत १०० म्हणजे पूर्ण बंद. या दोघांना जोडणारा सॉफ्टवेअरचा मधला पूल हे सहसा उलटवून देतो, पण प्रत्येक ठिकाणी देतोच असे नाही. मी पहिल्या रात्री सूर्यास्ताला ‘०’ पाठवण्याचा नियम उत्साहाने लिहिला, आणि दिवे लागलेल्या शयनगृहाचे पडदे समोरच्या सर्व मजल्यांसाठी उघडले. नियम लिहिण्यापूर्वी ०, २५ आणि १०० हे तीन आकडे हाताने पाठवून काय होते ते वहीत टिपावे.

आठवी पायरी: नियम

पडदे बसल्यावर पहिला आठवडा एकही नियम लिहू नये. फक्त बटणे वापरावीत आणि हबने ठेवलेली नोंद आठवड्याअखेर वाचावी. रोज सकाळी साडेसहाला कोणीतरी स्वयंपाकघराचा पडदा उघडत असेल तर तो पहिला नियम. जो पडदा कोणी हलवलाच नाही त्याला नियम नको.

घड्याळाची ठरावीक वेळ हा सर्वांत ढोबळ आधार आहे. सूर्योदय-सूर्यास्ताशी बांधलेला नियम ऋतूंबरोबर आपोआप सरकतो. त्याहून चांगला आधार म्हणजे सूर्याची दिशा आणि उंची, जी हब अक्षांश-रेखांशावरून स्वतः काढतो: सूर्य या खिडकीच्या समोरच्या पट्ट्यात आहे आणि सज्जाच्या खाली उतरला आहे, तेवढ्याच वेळात पडदा खाली. उंचीवरून पडदा किती खाली हवा हेही ठरते. पडद्याच्या खाली उघडी राहिलेली काच जमिनीपासून १ मीटरपर्यंत असेल आणि सूर्य समोर ३० अंशांवर असेल, तर ऊन जमिनीवर सुमारे १.७ मीटर आत येते. तोच सूर्य १५ अंशांवर उतरला की ते ३.७ मीटरपर्यंत पोहोचते. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी अर्धा पडदा का पुरत नाही, ते या दोन आकड्यांवरून समजते.

ढगाळ दिवशी सूर्य ‘समोर’ असूनही पडदा उघडाच हवा, म्हणून प्रकाशाचा सेन्सर जोडतात. थेट ऊन एक लाख लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) घरात जाते आणि ढगाळ दिवशी आकडा कित्येक पटींनी खाली येतो, त्यामुळे फरक ओळखणे सोपे आहे. अवघड असते ते सरकत्या ढगांचे. बंद करण्याचा आणि उघडण्याचा आकडा एकच ठेवला तर पडदा दर पाच मिनिटांनी वरखाली करतो. म्हणून ४०,००० लक्सच्या वर दहा मिनिटे टिकले तर बंद, २०,००० च्या खाली अर्धा तास राहिले तर उघडा, असे दोन दूरचे आकडे आणि दोन वेगळ्या प्रतीक्षा ठेवाव्यात; आपल्या खिडकीसाठी नेमके आकडे नोंदीवरून ठरतील. सेन्सर पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवणे ही नवख्यांची हमखास चूक आहे: पडदा खाली येतो, सेन्सरवर सावली पडते, सेन्सर ‘ऊन गेले’ म्हणतो, पडदा वर जातो, आणि हा खेळ दुपारभर चालतो. सेन्सर काच आणि पडदा यांच्या मध्ये किंवा घराबाहेर हवा.

यानंतर येतो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम, आणि तो पडदा न हलवण्याचा आहे. माणसाने बटण दाबून पडदा हलवला, तर त्या पडद्यावरचे सर्व आपोआप नियम दोन-तीन तास किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले पाहिजेत. कोणी मुद्दाम पाऊस पाहायला पडदा उघडावा आणि पाच मिनिटांत घराने तो बंद करावा, याइतके चिडवणारे दुसरे काही नाही. घरातली माणसे यंत्रणा काढून टाकायला सांगतात ती बहुधा याच कारणाने. दुतर्फी मोटरीचा आग्रह पाचव्या पायरीत धरला तो यासाठीच, कारण माणसाने पडदा हलवला हे हबला कळल्याशिवाय तो थांबणार कसा?

काही बंधने मात्र सर्व नियमांच्या वर ठेवावी लागतात. तावदान उघडे असल्याचे दारखिडकीच्या चुंबकी सेन्सरने सांगितले तर पडदा खाली येऊ नये. गच्ची किंवा बाल्कनीच्या दाराला बाहेरून शटर असेल, तर ते दार उघडे असेपर्यंत शटर हलू नये, नाहीतर कपडे वाळत घालायला गेलेला माणूस बाहेर अडकतो. बाहेरचे पडदे जोराच्या वाऱ्यात वर जावेत. धुराचा इशारा आल्यास बाहेर पडण्याच्या वाटेवरची शटरे उघडावीत. सर्व पडद्यांना एकाच क्षणी आज्ञा देण्याऐवजी एक-दोन सेकंदांच्या अंतराने द्यावी, म्हणजे रेडिओवर संदेशांची गर्दी होत नाही आणि वीजपुरवठ्यावर एकदम भार येत नाही.

वीज जाऊन परत आली की काय होते, हे मुद्दाम मुख्य स्विच बंद-चालू करून पाहावे. मोटर आपली जागा विसरते का, हब चालू होताच चुकलेले सगळे नियम एकदम राबवतो का, आणि पहाटे तीन वाजता शयनगृहाचा पडदा उघडतो का, या प्रश्नांची उत्तरे भर दिवसा मिळवलेली बरी.

नववी पायरी: नोंदी आणि देखभाल

देखभाल थोडी असते. कापडावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, वर्षातून एकदा मर्यादा तपासाव्यात, कारण नवे कापड पहिल्या काही महिन्यांत किंचित ताणले जाते आणि पट्टी कट्ट्याला टेकू लागते. मोटर आणि हबचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे ते सुट्टीच्या सकाळी, आणि एका वेळी एकाच पडद्याचे.

भिंतीला गिलावा होण्याआधी प्रत्येक कंड्युटचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी धरून काढावे. प्रत्येक खिडकीच्या पानावर मोटरीचा प्रकार, नळीचा व्यास, वायर कोणत्या पेटीतून आली, जोडणीचा कोड आणि बॅटरी असल्यास शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहावी. मॅटरचा जोडणी-कोड मोटरीवरच छापलेला असतो आणि मोटर नळीत गेल्यावर तो वाचता येत नाही, म्हणून बसवण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र घ्यावे. या पानांची एक प्रत वीज वितरणाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. पाच वर्षांनी मोटर बदलायला येणारा माणूस सर्वांत आधी तीच पेटी उघडतो.